गुळाचा चहा

मी जल्माचा फुकट्या. भवानीनगरच्या टपरीवर आजवर दोस्तांच्याच जिवावर चहा प्यालेला. ते म्हनायचे, "ह्याच्या घरचा चहा प्यायला दुसरा जल्म घ्यावा लागंल." एकदा त्यांची तोंडं बंद करायची म्हनून तिघांना दुपारी घरी बोलावलं.

चटई टाकली, नव्या कपबश्या काढल्या. बायको म्हनली, "मी करती चहा." मी म्हनलो, "बस गं, ऊसवाल्याला गूळ शिकवतीस व्हय?" आन् उकळत्या दुधातच गुळाचा खडा टाकला. दूध फाटलं. निम्मं पानी, निम्मा चोथा.

एकजन कपात बघून म्हनला, "मर्दा, हे प्याचं का चावायचं?" दुसरा म्हनला, "सारी हयात ऊस लावतोय, आन् गुळाची अक्कल न्हाय."

बायको दारातनं म्हनली, "चहा खाली उतरवल्यावर गूळ घालत्यात. पर बैलाला कोन सांगनार?"

तिघंबी हसत उठलं आन् टपरीकडं निघालं. मानसानं लाजून घरी बसावं का न्हाय? मी चपला घातल्या, त्यांच्या मागनं गेलो आन् तितंबी त्यांचाच चहा प्यालो, बशीत वतून, भुरकं मारत.