तिसऱ्या कॅसेटमधली बंदूक

माझा दीर मुरगाव बंदरात क्रेन चालवायचा. सुट्टीला डिचोलीला घरी आला की त्याच्या पिशवीत वास्कोच्या दुकानातलं काही ना काही असायचंच. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा एकदा त्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा खोका आणला आणि त्यात घालायची एक कॅसेट. माझं लग्न नवीन होतं, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा खाणीच्या ऑफिसातून दमून यायचा आणि या खेळाकडे ढुंकूनही बघायचा नाही. खेळणारे आम्ही दोघंच, दीर-भावजय.

एक तलवारबाज किल्ल्यात शिरतो आणि पहारेकऱ्यांशी लढत वर चढतो, एवढाच तो खेळ. तसा ओबडधोबडच. उडीचं बटण दाबलं की आमचा गडी विचार करून उडायचा, तोवर खड्ड्यात. पण तलवारीचा घाव वेळ साधून घालावा लागे, आणि साधला की मनगटापर्यंत जाणवे. दीर कामावर परतला की मी शाळेतून येऊन एकटी खेळायचे. सासूबाई कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून भाजी चिरता चिरता मध्येच मान वर करत आणि शांतपणे सांगत, "मेलो गो तुजो."

पुढच्या गणपतीच्या चवथीला त्याने दुसरा भाग आणला. तोच किल्ला, तोच गडी. दिराचं तोंड उतरलं.

"वयनी, हें तेंच न्हय गो? फकत नंबर नवो."

मी हातात घेतलं आणि माझ्या लक्षात आलं. उडी आता बोटाबरोबर उठत होती. तलवार आडवी धरून वार अडवता येत होता, त्यामुळे तेच पहारेकरी वेगळ्याच तऱ्हेने लढू लागले होते. मी त्याला म्हटलं, माझं माहेर धारगळचं, आमच्या जत्रेतल्या दशावतारात राजा तोच आणि राक्षसही तोच असतो, तरी लोक थंडीत कुडकुडत बसतात ते यंदाचं युद्ध कसं होतं ते बघायला. त्याला पटलं नाही. क्रेनवर रोज तेच करतो, घरी येऊनही तेच कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याचंही चुकत नव्हतं.

मग तिसरा भाग आला. आमच्या गड्याला काळा चष्मा लावला होता आणि हातात बंदूक दिली होती. किल्ला जाऊन शहर आलं, तलवारही गेली. बटण दाबून धरायचं, गोळ्या आपोआप सुटायच्या, समोरची माणसं पिकल्या टोमॅटोसारखी फुटायची. वेळ साधायला नको, अडवायला नको. मी थोडा वेळ खेळले आणि बटणं खाली ठेवली. इतक्या मेहनतीने घासूनपुसून नीट केलेली उडी, तो वार, सगळं कुणीतरी उकिरड्यावर टाकलं होतं आणि वर गड्याचं नाव तेवढं ठेवलं होतं. मेलेल्याचे कपडे दुसऱ्याने घालून दारात यावं तशी शिसारी आली. दीर मात्र खूश. एकदाचं काहीतरी नवं आलं, म्हणाला. ती सगळी सुट्टी मी टीव्हीपाशी फिरकले नाही.

चौथा भाग त्याने मोठ्या उत्साहाने आणला. सकाळी उंडे पाव आणि चहा बाजूला ठेवून खेळायला बसला. थोड्याच वेळात त्याने मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. शहर तेच, रस्ते तेच, गोळ्यांचा आवाज तोच. तिसऱ्या भागातल्या सैनिकांचे लाल कपडे निळे केले होते. त्याने मला तेच वळण दोन्ही कॅसेटमध्ये लावून दाखवलं, भिंतीवरचा डागसुद्धा तोच होता. उष्टं ताट धुवायचेही कष्ट न घेता पुढे सरकवावं, तसं.

"वयनी, कितें करपाक जाय आशिल्लें म्हण?" त्याने विचारलं. काय करायला हवं होतं, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तलवार दवरपाची आनी किल्लो बदलपाचो," मी म्हटलं. तलवार तीच ठेवून किल्ला नवा, एवढंच.

त्याने खेळ बंद केला. मग म्हणाला, "ताका कश्ट पडटात. कोण करता?"

कामावर परत जाताना तो कॅसेट घेऊन गेला आणि दुकानदाराला दाखवून आला. पुढच्या खेपेला जेवताना त्याने सगळं सांगितलं. दुकानदाराने कॅसेट परत घेतली नाहीच, उलट हसला. लोक आत काय आहे बघत नाहीत, नंबर बघून नेतात, म्हणाला, आणि पाचव्या भागासाठी नाव लिहून ठेवू का, असंही विचारलं. सांगता सांगता दिराने माशाचा तुकडा ताटाच्या कडेला सारला.

जेवणं झाल्यावर मी खोक्याची वायर काढून गुंडाळली. टीव्हीवर बातम्या लागल्या. नवरा पाय पसरून बसला आणि म्हणाला, आता कसं घरात शांत वाटतं.