बाबांनी ऐकलेला धडा

नातीनं इतिहासाचं नवं पुस्तक उघडलं आणि विचारलं, "आजी, महाराजांचं चरित्र आपण कशाला शिकायचं?" त्या कोऱ्या कागदांच्या वासानं मी साखरखेर्ड्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गात जाऊन पोचले.

मी आग्र्याहून सुटकेचा धडा मोठ्यानं वाचत होते. तेवढ्यात बाबा दारात आले. धोतराला कापसाचे तंतू चिकटलेले. "गुरुजी, पोरीले घरी नेतो. कापूस फुटला, येचाले कोनी नाही. आता तिची शाळा पुरे."

गुरुजी म्हणाले, "तिचा धडा होऊ द्या, मग न्या."

बाबा उंबऱ्यावर टेकले. मी पुढं वाचू लागले. धड्यातले पेटारे पहारेकऱ्यांपाशी आले आणि मला रडू फुटलं.

"थांबली काऊन वं? वाच नं पुढं," बाबा हळूच म्हणाले.

मी शेवटपर्यंत वाचलं. बाबांनी डोळे पुसले. "राहू द्या तिले, गुरुजी. कापूस आमी येचतो."

तेव्हा मला वाटलं, गोष्टच तशी रंगतदार होती. आता कळतं, ती त्यांना पोवाड्यांतून केव्हाची पाठ होती. लेकीला वाचताना मात्र ते पहिल्यांदाच ऐकत होते.