मेश्रामसाहेबांचा समुद्र

संध्याकाळी सात वाजता बेल वाजली की दार उघडायच्या आधीच मी वैतागलेली असायची. दारात समोरच्या फ्लॅटमधले मेश्रामसाहेब. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, एका हातात बोटाएवढी काचेची नळी आणि दुसऱ्या हातात रंगांच्या चौकटी छापलेला पुठ्ठा. "मॅडम, दोन मिनिटं. साक्षीदार पाहिजे." नोएडाहून तासभर गाडी हाकत मी नुकतीच घरी आलेली असायची, खांद्यावरची बॅगही उतरलेली नसायची. तशीच त्यांच्या घरी जायची, दिव्याखाली नळी धरायची आणि म्हणायची, "पिवळा."

"पिवळा की हिरवट पिवळा?"

"पिवळा, साहेब."

"नीट बघा हं. सही करायची आहे."

आणि खरोखरच सही करावी लागायची. लांबलचक रजिस्टर होतं. तारीख, पाण्याचा रंग, तपासणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. रंग हिरव्याकडे झुकला तर पाण्यात विष वाढतंय, असा त्याचा अर्थ. मी एकदा चिडून विचारलं, की एवढ्याशा गोष्टीला दोन सह्या कशाला? तर म्हणाले, "एकट्या माणसाला पाहिजे तो रंग दिसतो, मॅडम." लताताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "मी या डबक्यासाठी सही करणार नाही." म्हणून ही पीडा माझ्या गळ्यात पडली.

डबकं म्हणजे अडीच फुटी काचेची टाकी. मेश्रामसाहेबांनी गाझियाबादच्या चौथ्या मजल्यावर समुद्र करायला घेतला होता. साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. अख्खी नोकरी दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत गेली आणि तीही बंदरांच्या फाइली हाताळण्यात. कुठल्या धक्क्याची डागडुजी, कुठल्या दीपगृहाला रंग, कुठल्या खाडीतला गाळ. देशाचा सगळा किनारा त्यांच्या टेबलावरून गेला, पण स्वतः साहेबांनी समुद्र पाहिला एकदाच. रत्नागिरीकडे तपासणीला गेले होते. "गेलो तेव्हा ओहोटी होती. आणि परतीची गाडी चार वाजताची." हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की हसायचीही सोय नव्हती. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी हॉलमधला टीव्ही बेडरूममध्ये हलवला आणि तिथे टाकी आणून ठेवली.

समुद्र करायचा म्हणजे काय त्रास असतो ते मला त्यांच्या शेजारी राहून कळलं. आमचं बोअरचं पाणी चालत नाही, ते आधी गाळून पार निर्जीव करायचं. मग त्यात खास समुद्राचं मीठ विरघळवायचं. सुहास, म्हणजे माझा नवरा, करोल बागेत गाडीची सीटकव्हरं बघायला निघाला होता, तर साहेबांनी त्याच्याकडून तिथल्या दुकानातून मिठाची दहा किलोची पिशवी मागवली. मेट्रोच्या तपासणीत त्याला अडवलं. "ये क्या है?" "समंदर का नमक." "खोलो." पांढऱ्या पावडरीवरून अर्धा तास चौकशी झाली आणि मिठाच्या ओझ्यापायी बघायची टाळलेली सीटकव्हरं राहिली ती राहिलीच.

एवढं करून टाकीत काय, तर दगड. 'जिवंत दगड' म्हणायचे त्यांना. त्यांच्या छिद्रांत सूक्ष्म जीव असतात, ते पाणी स्वच्छ ठेवतात, ते रुजल्याशिवाय मासा सोडायचा नाही. दोन महिने झाले, तीन झाले. लताताईंच्या मैत्रिणी यायच्या, टाकीसमोर वाकून बघायच्या आणि विचारायच्या, "मासे कुठे लपलेत?" साहेब शांतपणे म्हणायचे, "प्रक्रिया चालू आहे." मी म्हटलं, अहो, आतापर्यंत खरा समुद्र इथपर्यंत आला असता. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी टिपणी, मग सही, मग मासा."

मासे आले ते पाचव्या महिन्यात. दोन, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. लताताई नावं ठेवायला निघाल्या तर साहेब म्हणाले, "नको. नाव ठेवलं की बदली होते." त्यानंतर कधीतरी पोवळं आलं. दहाच्या नाण्याएवढा तुकडा, दगडाला चिकटवलेला. सकाळी टाकीचे दिवे लागले की हळूहळू उमलायचं आणि हिरवट बोटं बाहेर काढून पाण्यात हलवत बसायचं. साहेब त्याआधी अर्धा तास खुर्ची टाकून तयार असायचे. चहा निवून जायचा. "दोन वर्षांनी हे मुठीएवढं होणार, मॅडम," ते मला सांगायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझा वैताग जरा कमी व्हायचा. खोटं कशाला सांगू, फार नाही, जराच.

कारण लगेच मे महिना यायचा. बाहेर पंचेचाळीस अंश आणि टाकीला हवेत सव्वीस. घरातला एकमेव एसी हॉलमध्ये माशांसाठी चालू. सगळी दुपार लताताई टाकीपुढे सतरंजी टाकून पडायच्या. "या माशांच्या कृपेने थंड हवा मिळते बाई," त्या म्हणायच्या, "नाहीतर माझ्यासाठी कोण लावतो?" साहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पाण्याचं तापमान लिहून घ्यायचे.

पोवळं दीड वर्षाचं झालं त्या ऑक्टोबरात दोघं धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला निघाले. आठ दिवस. टाकी माझ्यावर. साहेबांनी किल्लीबरोबर चार पानी सूचना दिल्या, मुद्देनिहाय, क्रमांक घालून. "वाचा बिल्कुल सावकाश," म्हणाले. मी वाचल्या. ऑफिसात त्या आठवड्यात मरणाचं काम होतं, पण रोज सातला जाऊन चिमूटभर खाणं घातलं, नळी तपासली, सुहासला साक्षीदार केलं आणि पाणी कमी झालं की बाल्कनीतल्या डब्यातून खुणेपर्यंत भरलं. बाल्कनीत डबे दोन होते. एकात साधं गाळीव पाणी, एकात मीठ कालवलेलं. समुद्राचं पाणी कमी झालंय, तर समुद्राचंच पाणी घालायचं, यात विचार कसला करायचा? मी खारं घातलं. आठही दिवस.

आटतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला कळलं साहेब परतले त्या संध्याकाळी. मासे तग धरून होते. पोवळं मिटलेलं होतं, पांढरं पडून खालचा सांगाडा दिसत होता. साहेबांनी खारटपणा मोजायच्या छोट्या दुर्बिणीतून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग विचारलं, "कोणता डबा, मॅडम?" मी दाखवला. लताताई तोंडाला पदर लावून उभ्या. साहेब टाकीसमोर खुर्ची टाकून बसले, जसे रोज सकाळी बसायचे तसे. मला वाटलं, आता हा माणूस एकतर ओरडेल नाहीतर रडेल. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'पाणी भरण्यासाठी कोणता डबा वापरावा हे सूचनेत नमूद नव्हते. चूक सूचना लिहिणाऱ्याची.' सही केली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हटलं, "साहेब, खारं पाणी तर मी घातलं."

"आमच्या ऑफिसात एक डिस्पॅचचा माणूस होता," ते म्हणाले. "टिपणी माझी अर्धवट होती. त्यामुळे कागद चुकीच्या जागी गेला. चौकशीत त्याचं नाव आलं आणि मी गप्प बसलो. त्याची नोकरी गेली." एवढं बोलून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "करा सही."

मी केली. पटकन केली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि घरी आल्यावर तर रागच आला. चार पानं लिहिणाऱ्या माणसाला कोणता डबा एवढं लिहिता येऊ नये? पुढे कित्येकदा मी त्यांना यावरून छेडलं. "सगळं लिहिलंत साहेब, नेमका डबा विसरलात." ते मान डोलवायचे, "हो मॅडम, राहिलं खरं." पोवळं गेलं ते गेलंच. दुसरं आणू म्हटलं तर "विचाराधीन आहे" म्हणायचे, आणि आणलं नाही. त्यानंतर कुठे जाताना दिलेल्या सूचना मात्र एका पानाच्या असायच्या, मोठ्या अक्षरात. माझ्यामुळे साहेब सुधारले, असं मी सुहासला सांगितलंही होतं.

गेल्या हिवाळ्यात इथल्या हवेने त्यांची छाती भरून आली, डॉक्टरांनी दिल्ली सोडायला सांगितलं आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. समुद्र एवढ्या लांब जाणार कसा? माझ्याकडे आला. मी नको नको म्हणत होते, तरी साहेबांनी रीतसर चार्ज दिला. टाकी एक, मासे दोन, दगड अकरा, रजिस्टर, फाइल. जिना उतरताना म्हणाले, "मॅडम, सात वाजता. साक्षीदार शोधा." होळीनंतर दोनच आठवड्यांनी नागपुराहून फोन आला, साहेब गेले.

मागच्या रविवारी पंप घरघरायला लागला. तो कसा उघडायचा ते साहेबांनी लिहून ठेवलं असणार म्हणून मी फाइल काढली. त्यात ती ऑक्टोबरची चार पानं टॅग लावून ठेवलेली होती. चौथ्या पानावर, सर्वांत वर, लाल पेनाने खाली रेघ मारून: 'पाणी कमी झाल्यास फक्त साधे पाणी. निळ्या झाकणाचा डबा. खारे पाणी अजिबात घालू नये.'

मी चौथं पान उलटलंच नव्हतं.

लताताईंना फोन लावला. पान वाचून दाखवायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. "माहीत आहे गं मला. त्या दिवशी तू गेल्यावर मी तेच पान त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, हे काय आहे मग? म्हणाले, लता, ठेव ते." मग त्यांनीच विचारलं, "पाणी बरं आहे ना? रंग?"

त्या माणसाच्या सगळ्या रजिस्टरात एकच नोंद खोटी होती, ती माझ्यासाठी केलेली होती, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझीच होती. किती छळलं मी त्यांना त्या डब्यावरून! मला इतकी लाज वाटली की फोन ठेवून मी तिथेच टाकीपुढे बसून रडले.

साहेबांचा नियम होता, रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही. चूक ज्या दिवशी सापडेल त्या तारखेला नवी नोंद करायची. सातला नळी तपासली, पिवळा. ते लिहून खाली लिहिलं, 'ऑक्टोबरमधील नोंद चुकीची आहे. सूचना पूर्ण होती. मी चौथे पान वाचले नव्हते.' सही केली. सुहास शेजारी उभा होता. म्हणाला, "साक्षीदाराची मी करू?"

म्हटलं, नको. एवढी एक जागा राहू दे रिकामी.