फसफसलेली टेकडी

सर्वेक्षण खात्यातल्या त्या भूवैज्ञानिकाला गल्लीत सगळे ‘ठोकेसाहेब’ म्हणत. कारण दिसला दगड की ठोक! पायरी, ओटा, शेजाऱ्यांची नवीकोरी फरशी, काही म्हणून सुटायचं नाही. हातात हातोडी नसली तर चमच्याने. आणि बसले की पाय असा हलायचा, की टेबलावरच्या पेल्यांतलं पाणी हिंदकळायचं.

रविवारी जेवताना मेहुण्यासमोर त्यांची जीभ सैल सुटली. “आम्ही बोअर घेतोय ना, ती टेकडी अख्खी चुनखडीची आहे रे! अ‍ॅसिडचा थेंब टाकला आणि काय फसफसली! सिमेंटचा कारखाना झालाच म्हणून समज.”

मेहुणा बस चालवायचा. घास हातातच राहिला. “भाऊजी, कारखाना म्हणजे ट्रक. ट्रक म्हणजे पंक्चर. उद्या सकाळी राजीनामा, आणि टेकडीखाली टायरचं दुकान!”

“अरे, आधी जेव,” त्याची बहीण म्हणाली. “ह्यांना तर आपल्या न्हाणीघरातही खनिज सापडतं.”

संध्याकाळी बुटांवरची पांढरी पूड झटकता झटकता ठोकेसाहेबांचा हात थबकला. पूड! बोअर घेताना उडालेली पूड दगडांवर बसली होती आणि थेंब पडला होता तिच्यावरच. चुनखडी अखंड असली तरी अ‍ॅसिडने फसफसते. तिचा चुलतभाऊ डोलोमाइट अखंड असताना ढिम्म राहतो. पूड केली की तोही फसफसतो. आणि सिमेंटवाले डोलोमाइटला दारातही उभं करत नाहीत.

झोप कसली लागतेय! ह्या कुशीवरून त्या कुशीवर.

“पलंगातच बोअर घेताय का?” बायको करवादली.

उजाडता उजाडता स्कूटर टेकडीवर. ताजा दगड फोडला, फुंकर मारली, थेंब टाकला. दगड गप्प. खिळ्याने खरवडून पुन्हा टाकला. फस्स!

“मेलो,” म्हणत त्यांनी थेट बस डेपो गाठला. मेहुणा कडक इस्त्रीत मॅनेजरच्या दाराशी उभा.

“थांब, थांब! ती चुनखडी नाही!”

“काल तर अख्खी होती!”

“पुडीवर थेंब टाकला. चुकलो रे मी.”

“दुकानाचं नावसुद्धा ठरवलं होतं. ‘भाऊजी टायर्स’.”

“तसा डोलोमाइटही पोलादाच्या भट्टीत लागतो. पण किती, कसा, ते तपासल्याशिवाय—”

“पुढे एक अक्षर नको!” त्याने खिशातला राजीनामा चुरगळला आणि तो बसकडे निघाला. “चढा. स्कूटर राहू दे इथेच. माझी फेरी तुमच्या ऑफिसवरूनच जाते. अजून कुणाला सांगितलंय?”

पुढच्या सीटवर ठोकेसाहेबांचा पाय हलायला लागला. “आमच्या साहेबांना. फोनवर. आता उचलत नाहीत.”

“मग?”

“ते आज सकाळी वरच्यांना सांगणार होते. कारखानेवालेही येणार आहेत.”

मेहुण्याने घड्याळाकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि गिअर टाकला.

“धरून बसा, भाऊजी.”