उप्पर खाली

अक्काला आडवं झोपता येत नव्हतं. पाठ भुईला लागली की छातीत शीळ वाजायला लागायची आणि ती धडपडून उठून बसायची. ज्वारीच्या भरल्या पोत्याला पाठ टेकून, गुडघ्यांवर उशी घेऊन, त्या उशीवर कपाळ ठेवून ती झोपायची. पोतं पाऊण भरलेलं असलं तर मध्येच बसकण घ्यायचं आणि तिची मान कलंडायची, म्हणून ते गच्च भरलेलंच लागे. दुकानातलं तेवढं एक पोतं विकायचं नाही, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. मेहकरला दिली होती. नवरा लवकर गेला आणि ती संतपूरला आमच्याकडे परत आली. आमचं धान्याचं दुकान. तूर भरडणं, चाळणं, पाखडणं तिनं आपण होऊन अंगावर घेतलं. माजघरात जातं आणि जात्याभोवती पिवळट धुरळा. त्यातच तिला दमा जडला. बिदरच्या वैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं की भुसा आणि ओल ही दोन्ही हिची वैरी आहेत. उन्हाळाभर हिला उंच, कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवा. एकदा छाती मोकळी झाली तर पावसाळा निभावेल. नाही झाली तर पावसाळ्याचं मी सांगत नाही, असंही ते म्हणाले. अक्कासमोरच म्हणाले.

आमच्या भागात उंच म्हणजे चिंचोळीकडचे डोंगर. तिथलं रान सरकारनं राखलेलं होतं. लाकूड तोडायचं नाही, शिकार करायची नाही. पण सर्वांत उंच डोंगराच्या माथ्यावर सपाट मैदान होतं आणि दुखणाईत माणसाला घेऊन कुणी तिथं डेरा टाकला तर हरकत घेत नसत. तालुक्याच्या कचेरीत जाऊन मी तोंडी परवानगी घेतली. कागद मागितला तर कारकून हसला. एवढ्याशा कामाला कागद कशाला, चौकीदाराला माझं नाव सांगा म्हणाला.

ठाणाकुशनूरचे एक व्यापारी जत्रेत दुकान लावायचे, त्यांची राहुटी मागून आणली. बारा हात लांब, आठ हात रुंद, तीन ठिकाणी ठिगळं. बरोबर अप्पा आले. अप्पा म्हणजे आमचे धाकटे चुलते. वडील गेल्यावर आम्हा भावंडांना त्यांनीच वाढवलं. वय झालेलं, पण डोक्यावर भरली घागर घेऊन चढण चढायचे.

गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंतच जाई. पुढची चढण अक्कानं अर्धी चालत काढली, अर्धी घोंगड्याच्या झोळीत. झोळीचा बांबू मी आणि गाडीवानानं खांद्यावर घेतला तेव्हा ती आतून म्हणाली, "मेल्यावर न्यायचं ते जित्तेपणीच न्यायलालाव की रे, तम्मा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ती मला कायम तसंच हाक मारायची.

माथ्यावर वारा होता. खाली सगळं रान तापून पांढरं पडलेलं आणि वर पळसाची पानं सळसळत होती. मैदानाच्या कोपऱ्यात मोजणीवाल्यांचा दगड होता. त्यापासून अंतर धरून, वाऱ्याचा रोख बघून मी मेखांच्या जागा आखायला लागलो, तर अक्का एका दगडावर बसून बघत होती. "वाराबी मापून घेणार काय?" म्हणाली. आम्ही राहुटी उभी केली. एकच अडचण होती. माथ्यावरचं कुंड आटलेलं होतं, तळाचा चिखल भेगाळला होता. पाणी पायथ्याच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून आणावं लागे. ते काम अप्पांनी घेतलं आणि मला करू दिलं नाही. तू अक्कापाशी थांब, म्हणाले.

पोतं आम्ही बरोबर नेलं नव्हतं. गाठोडी एकावर एक रचून तिला टेकायला करून दिली होती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दुपारी ती टेकून बसली होती, ती हळूहळू घसरत गेली आणि तशीच आडवी झोपली. मी श्वास ऐकत बसलो. शीळ नव्हती. तेवढ्यात अप्पा घागर घेऊन आले, अक्का सरळ पसरलेली बघितली आणि त्यांच्या हातून घागर सुटली. तिला आडवी बघायची आम्हाला सवयच नव्हती. त्यांना वाटलं, संपलं. अक्कानं एक डोळा उघडला.

"अप्पा, सांडलं न्हवं पाणी? जावा आता परत."

अप्पा तिथंच बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले. मग हसत परत पाण्याला गेले.

त्यानंतर ती रोज आडवी झोपायला लागली. राहुटीचं कापड बघत पडून राहायची. बसून झोपणाऱ्याला छत दिसत नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ठिगळांपैकी एक ठिगळ निळं होतं. ते लुगड्याचं की पटक्याचं यावर ती आणि अप्पा तासन्‌तास वाद घालायचे. चेहरा भरायला लागला होता. भाकरी अर्धीवरून एकीवर गेली. मृगापर्यंत असंच राहायचं, मग घरी जायचं, असं आम्ही ठरवलं.

एका सकाळी अप्पा झऱ्यावर घागर भरत होते. तिथं एक जमादार आला. जमादार म्हणजे मोठ्या अंमलदाराच्या शिपायांतला मुख्य. कमरेला पट्टा, छातीवर पितळी बिल्ला. पायथ्यावरून माथ्याचं मैदान दिसत नाही, झाडी आडवी येते. त्यानं हातानं डोंगराकडे खूण केली आणि दक्खनी बोलीत विचारलं, "उप्पर खाली हय क्या?"

अप्पा म्हणाले, "व्हय, खालीच हाय. वर काई न्हाई."

जमादारानं मान हलवली आणि गेला. अप्पांनी घागर उचलली. वर आल्यावर त्यांनी हे सांगितलं ते असं की एक बिल्लेवाला पाणी विचारत होता, वर आहे की खाली. मी सांगितलं, खाली आहे, वर काही नाही.

खाली म्हणजे रिकामं, हे अप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. निजामी मुलखात जन्म गेलेला. गाडी खाली झाली, पोतं खाली केलं, असं आम्हीही बोलतो. पण ज्याच्या हातात घागर आहे आणि जो रोज तो डोंगर पाण्यासाठी उतरतो, त्याला 'वर' आणि 'खाली' हे दोन शब्द जोडून विचारले तर तो पाण्याचंच उत्तर देणार. गुराखी, लाकूडफाटा वेचणाऱ्या बाया, जो कोणी त्या झऱ्यावर येई तो वरच्या कुंडात पाणी आहे का, हेच विचारी. मला त्या वेळी शंका आली नाही. अक्काला मात्र आली. ती म्हणाली, "बिल्लेवाला माणूस पाणी कामून इचारंल? त्याचं पाणी दुसरं कुणीतर आणत असंल की." आम्ही ते हसण्यावारी नेलं.

पुढं दोनच दिवसांत माणसं चढून आली. तंबू, कनाती, सतरंज्या, लोखंडी पलंग, कोंबड्यांच्या पाट्या. एक मोठे साहेब कबिल्यासह हवा खायला येणार होते आणि मैदान त्यांच्यासाठी ठरलं होतं. आमची राहुटी बघून जमादार म्हणाला की ही जागा खाली असल्याची वर्दी गेली आहे, तेव्हा इथं कुणी असूच शकत नाही. मी कचेरीतल्या कारकुनाचं नाव सांगितलं. त्यांच्याबरोबर आलेला रानाचा चौकीदार जमिनीकडे बघत राहिला. मी म्हणालो, मैदान एवढं मोठं आहे, आम्ही दगडाच्या पलीकडे कोपऱ्यात जातो. जमादार म्हणाला, जनाना उतरणार आहे, माथ्यावर परका पुरुष चालणार नाही. मग मी म्हणालो, आम्ही दोघं पायथ्याला जातो, बाईमाणसाला तेवढं राहू द्या. तर म्हणाला, खोकणारी बाई जनान्याशेजारी कशी ठेवायची?

"आणि तुमच्याच म्हाताऱ्यानं सांगितलंय," तो दक्खनीत म्हणाला, "खाली हय, उप्पर कुच नै."

अप्पा तेव्हा भरली घागर घेऊन उभे होते. त्यांनी ती डोक्यावरून उतरवलीच नाही. "मी पाण्याचं बोल्लो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुन्हा तेच म्हणाले, जसं काही मला पटवायचं होतं.

आमची राहुटी त्यांच्याच माणसांनी सोडली. अक्का आत पडून होती. कापड वरून निघालं आणि ती उघड्यावर, आडवी, डोळ्यांवर हात धरून राहिली. मग उठून बसली.

उतरताना साहेब वाटेत भेटले. घोड्यावर होते. मी हात जोडले. त्यांनी झोळीत बघून, बीमार आहे का, असं अदबीनं विचारलं आणि हिला ओढ्याकाठी सावलीची चांगली जागा द्या, असा हुकूम केला. आपण उपकार केला असं त्यांना मनापासून वाटलं असणार. चौकीदार मागून हळूच मला म्हणाला की वर दुखणाईत बाई आहे एवढं साहेबांना आधी कळलं असतं तर ते समोरच्या टेकडीवर उतरले असते, मागं एकदा गुराखी होते तेव्हा तसेच उतरले होते.

पायथ्याला त्यांच्या सामानाच्या गाड्यांची दाटी झाली होती. आम्ही तिथं ठेवलेली गाडी वाटेत आडवी आली तेव्हा जमादार त्यांच्या गाडीवानावर ओरडला, "ए, बैलं खाली घे, खाली! वर कामून चढवायलास?"

मी थांबलो. ही बोली आमचीच होती, उदगीर-औरादकडची. त्यात कुठं अडखळणं नव्हतं. मी त्याच्याजवळ गेलो आणि मराठीत विचारलं, "जमादार, तुमी इकडचेच की."

"व्हय. उदगीरचा."

"मग अप्पा पाण्याचं सांगायलेत, हे तुमाला कळलं असंल."

त्यानं बिडी पेटवली. "कळलं की. हातात घागर होती. पण मला इचारलं साहेबानं, अन्‌ साहेबाला मराठी येत न्हाई. म्हाताऱ्याच्या तोंडातून जे निघालं ते मी सांगितलं. एक अक्षर बदललं न्हाई." मग आपल्यातल्या माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाला, "त्या समोरच्या टेकडीच्या पायथ्यापतुरबी गाडीवाट न्हाई, अण्णा. हे सगळं सामान हितनंच आमी डोक्यावर वाहायचं होतं."

एक अक्षर बदललं नव्हतं, हे खरंच होतं.

ओढ्याकाठी सावली होती, साहेबांनी सांगितल्याप्रमाणे. ओलही होती, डास होते, आणि वरच्या मुदपाकखान्यासाठी खाली लाकडं जाळून कोळसा करत, त्याचा धूर घळीत कोंडायचा. पहिल्याच संध्याकाळी अक्काची शीळ सुरू झाली. ती गाठोड्यांना टेकून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी जुंपली. संतपूरला पोचलो तेव्हा तिला ओट्यावरून उचलून आत न्यावं लागलं आणि आत गेल्यावर ती आपणहून पोत्याजवळ सरकली.

जमादाराचं बोलणं मी अप्पांना सांगितलं. त्यांचा भार उतरेल असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्याला कळलं असू दे," म्हणाले, "शबूद माजाच न्हवं का." त्यानंतर त्यांनी तो शब्द टाकलाच. 'खाली ठेव' म्हणायचं तिथं 'भुईवर ठेव' म्हणायचे, रिकाम्या पोत्याला 'मोकळं पोतं' म्हणायचे. नवखं गिऱ्हाईक गोंधळून बघत राही.

अक्का त्यांना कधी बोलली नाही. उलट पावसाची झड लागलेली असताना एकदा, दोन श्वासांच्या मधे, तिनं त्यांना विचारलं, "अप्पा, ते निळं ठिगळ लुगड्याचंच न्हवं?" अप्पा म्हणाले, "लुगड्याचंच." इतका वाद घालून शेवटी त्यांनी मान्य केलं. त्याच पावसाळ्यात ती गेली. पोत्याला टेकूनच गेली.

आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवतात, आणि बसलेलंच मातीत ठेवतात. इतरांना बसवताना अंग सरळ धरायला दोन माणसं लागतात. अक्काला काही करावं लागलं नाही. ती बसलेलीच होती. खड्डा मी स्वतः मापून घेतला. उतरवताना आतल्या माणसांनी नेहमीप्रमाणे हाक दिली, सावकाश, खाली घ्या, अजून खाली. अप्पा काठावरून वळले आणि बाभळीपर्यंत जाऊन तिकडे तोंड करून उभे राहिले.

म्हणजे घरी बसलेली, मरताना बसलेली आणि मातीतही बसलेली. अक्का सुखानं आडवी झोपली ती एकाच जागी, त्या डोंगराच्या माथ्यावर. आणि त्या जागेवर त्या वेळी कोणीही नव्हतं, अशी वर्दी गेलेली आहे.