खिडकीकडे तोंड करून बसलेला माणूस

माझ्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून दुसरी बसवायला डोंबिवलीतलाच एक कारागीर घरी आला होता. आल्याआल्या त्याने एक वाटी मागून घेतली आणि काढलेला एकेक स्क्रू तिच्यात ठेवला. नव्या डिस्कवर फोटो उतरू लागले, तसा तो खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसला.

"अहो, नीट चाललंय का, बघा ना."

"आवाजावरून कळतं, काका. घरातले फोटो आपण कशाला बघायचे?"

खात्री करायला मी एक फोटो उघडला. तीन वर्षांपूर्वी गेलेली माझी बायको हसत होती.

"बघा," मी म्हणालो, "ही आमची मंडळी."

त्याने आधी रुमालाला हात पुसले, मग वळून नीट पाहिलं.

"आता काकू दोन्ही डिस्कवर आहेत. घाबरू नका."