सगळ्यांचा एकच पहिला परिच्छेद

ये गं, बस अशी जवळ. म्हणजे कागदावरच बस, खरं यायला तुला सवड कुठं आहे? आत्यानं तुझ्या वेण्या घातल्या, तुला भाकरी थापायला शिकवली, आणि तुला नोकरी लागल्याचं आत्याला कळतं ते मोबाईलवरच्या फोटोखालच्या ओळीतून! आणि नोकरी तरी कसली, तर विद्यापीठातल्या पोरांना आणि त्यांच्या मास्तरांना लिहायचं कसं, मांडायचं कसं, हे शिकवणाऱ्या केंद्रात. शाब्बास. पेढे नंतर दे, आधी ऐक. असलं एक केंद्र माझ्या खाणावळीत बसून मी जवळून पाहिलंय. शाळेत मी फार दिवस गेले नाही. वाचायला शिकले ते चटणीच्या पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून. पण कोण शिकवतंय आणि कोण नुसतं मिरवतंय, एवढं ओळखायला शाळा लागत नाही.

कॉलेजच्या मागच्या गल्लीतली माझी खाणावळ अजून तशीच आहे. पुढं ताटं, मागं स्वयंपाकघर, वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरी. त्यातली एक सांगोल्याकडची. घरी मेंढरं, ही समाजशास्त्रात एम.ए. करायला आलेली. तिच्या प्रबंधाचा विषय तिच्याच घरातला: मेंढरं घेऊन गाव सोडणाऱ्या बायका वाटेवर संसार कसा चालवतात. आईबरोबर, चुलतीबरोबर चालत जाऊन, त्यांच्याशी बोलून तिनं सगळं गोळा केलेलं. लिहून झालं की खाली यायची, माझ्यासमोर लसूण सोलायची आणि वाचून दाखवायची.

पहिलं पान असं होतं. कळप हलायच्या सकाळी आई एकेका कोकराच्या तोंडात बोट घालते. तोंड गार लागलं तर ते कोकरू चालणार नाही, ते घोड्यावरच्या ओझ्यात जाणार. आणि घोड्यावर जागा एवढीशी. मग भांडी उतरवायची की धान्य, हे तिची आई ठरवते, बाप नाही. मी तव्यावरची भाकरी विसरले गं. करपली. म्हटलं, ‘‘पोरी, हेच पहिलं ठेव. मास्तर पुस्तक खाली ठेवायचे नाहीत.’’

‘‘आईला सांगितलंय, आजी, तिचं बोट पहिल्या पानावर हाय म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘ती म्हणती, छापून आलं की मला ऐकव. तिला वाचता येत न्हाय की.’’

आणि तेवढ्यात कॉलेजात ते केंद्र निघालं. नाव एवढं लांब की पाटी भिंतीला पुरेना, शेवटचा शब्द खिडकीवर गेला. आत गार हवेचं यंत्र, गुबगुबीत खुर्च्या, कुंडीत प्लॅस्टिकचं झाड. एक सर नेमले. गळ्यात पट्टी, पट्टीला फोटो, आणि बोलणं असं की पाणी मागायचं तरी म्हणायचे, ‘‘मावशी, इथं पाण्याची उपलब्धता आहे का?’’ दुपारचं जेवण माझ्याकडं. ताटात शेंगाचटणी दोनदा घ्यायचे आणि पोरांना संयम शिकवायचे.

नियम असा निघाला की प्रबंधावर केंद्राचा शिक्का नसेल तर तो पुढं जाणार नाही. पोरगी पान घेऊन गेली. परत आली तेव्हा पानावर लाल रेघच रेघ. आई खोडलेली, तिथं ‘प्रतिसादक’ लिहिलेलं. बोट खोडलेलं, कोकरू खोडलेलं. वर शेरा: ‘भावनिक. शैक्षणिक भाषा वापरा.’ आणि शैक्षणिक भाषा कशी, तर सरांनी सगळ्यांच्या मोबाईलवर एक नमुना पाठवलेला. ‘आजच्या जागतिकीकरणाच्या गतिमान युगात प्रस्तुत विषयास अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.’ अशा सुरुवातीचा परिच्छेद. प्रस्तुत विषय म्हणजे कुठला? कुठलाही! एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचा असो, श्रीपूरच्या ऊसतोडीचा असो, मेंढरांचा असो. सगळ्या टोप्या एकाच मापाच्या, डोकं तुम्ही कापून बसवा.

तिच्या मार्गदर्शक मॅडमही माझ्याकडं डबा लावलेल्या. पोरगी त्यांना विचारायला गेली तर म्हणाल्या, ‘‘अगं घाल ना. केंद्रानं सांगितलंय. मलाही बढतीसाठी त्यांचंच प्रशिक्षण करावं लागलं, मीही माझ्या लेखात तोच परिच्छेद घातलाय.’’ एवढ्या शिकलेल्या बाईनं दुसऱ्यानं कालवलेला घास तोंडात घ्यावा आणि वर चव छान आहे म्हणावं!

पोरीनं आईचं पान काढलं, नमुना चिकटवला, शिक्का मिळाला.

पुढचं ऐक, आणि हसू नकोस. प्रबंध आत घ्यायच्या आधी तो एका मशीनमधून काढतात. कुणाचं कुणाशी जुळतंय, कुणी चोरलंय, ते मशीन सांगतं. ते मशीन कुठं ठेवलेलं? त्याच केंद्रात. चालवतं कोण? तेच सर. आणि मशीननं काय सांगितलं असेल? की सगळ्या पोरांनी एकमेकांची चोरी केलीय! माझ्या पोरीनं म्हणे टॉवेलवर लिहिणाऱ्या मुलाचं चोरलं, त्यानं उसावाल्याचं. ज्या हातानं वाटलं त्याच हातानं धरलं, आणि त्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नोटीस लागली: सुधारून द्या, नाहीतर नक्कल केल्याची नोंद होईल आणि वर्ष जाईल.

पोरगी ताटावर बसली आणि भाकरीचे तुकडे करत राहिली. एकही तोंडात जाईना. ‘‘चोर म्हणत्यात, आजी,’’ एवढंच. ‘‘आई विचारंल, माझं पान कुटं गेलं. काय सांगू?’’

दुसऱ्या दिवशी सर जेवायला आले. मी वाढता वाढता विचारलं, ‘‘सर, आज सगळ्यांना मी एकच आमटी वाढली. उद्या तुमच्या दोघातिघांच्या शर्टावर एकच डाग दिसला तर चोर कोण?’’

‘‘मावशी, तो तांत्रिक मुद्दा आहे,’’ सर म्हणाले. ‘‘सॉफ्टवेअरला भावना नसतात.’’

‘‘व्हय की, ते दिसतंयच. पण तुमाला तर डोळे हायत ना?’’

बाकीची पोरं ताटात मान घालून खुदखुदली. सरांनी ताक मागवलं. मग जाहीर केलं की काळजीचं कारण नाही, शब्दांतराची कार्यशाळा घेऊ. म्हणजे काय, तर मशीनला कळू नये म्हणून शब्द बदलायचे. शिकायला आलेल्या पोरांना ही विद्या! ‘गतिमान’च्या जागी ‘वेगवान’, ‘महत्त्व’च्या जागी ‘मोल’. सरांनी फळ्यावर लिहून दिलं, पोरांनी फळ्यावरून उतरवून घेतलं. सगळ्यांनी. तेच.

काय झालं ते तुझ्यासारख्या हुशार मुलीला सांगायला नको. मशीननं पुन्हा सगळे धरले. आता सगळे ‘वेगवान’ चोर.

सरांना स्वतःची लाज वाटली असेल असं तुला वाटतं? छे! ते म्हणाले, विद्यार्थी सूचना नीट पाळत नाहीत. चटणी मात्र त्या दिवशीही दोनदाच घेतली.

पोरीचं मात्र त्या दिवशी काहीतरी ठरलं. संध्याकाळी तिनं माझ्यासमोरच बसून नमुना काढून टाकला, आईचं पान परत पहिलं लावलं. प्रतिसादक गेली, आई आली. म्हटलं, ‘‘शिक्का?’’

‘‘नसू दे. चोर म्हणून वर्ष जाण्यापरीस माझं म्हणून जाऊ दे.’’

सकाळी मॅडम डबा न्यायला आल्या, तेव्हा तिनं पान त्यांच्या हातात दिलं. ‘‘मॅडम, हे मशीनमधनं काढा. कुणाशी जुळलं तर मी सही करून वर्ष सोडते.’’

मॅडम उभ्या उभ्या वाचत होत्या. मी भाकऱ्या बांधत होते, पण लक्ष सगळं तिकडं. मला वाटलं, आता म्हणणार, नियमात बसत नाही. पण बाईंचा चेहरा वेगळाच. म्हणाल्या, ‘‘माझा लेख परत आलाय. नक्कल म्हणून. कुणाची नक्कल, तर माझ्याच विद्यार्थ्यांची!’’ आणि तिथंच माझ्या पोळपाटावर कागद ठेवून शिक्क्याशिवाय सही ठोकली. धैर्य बिर्य काही नाही गं, नुसता संताप. पण त्या दिवशी संतापानं काम केलं. बाईंना मी दोन भाकऱ्या जास्त बांधल्या.

मशीनला पानात काही सापडलं नाही. सापडणार कसं? त्या बाईचं बोट आणि ते कोकरू दुसऱ्या कुणाच्या प्रबंधात कुठून येणार? मॅडमची सही आणि मशीनचा निर्वाळा बघून शिक्का कुणी विचारलाच नाही, प्रबंध पुढं गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले मास्तर बराच वेळ त्या घोड्यावरच्या ओझ्याबद्दलच विचारत बसले, आणि पोरगी पहिल्या वर्गात पास झाली.

आता केंद्राच्या दारात तिचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय: ‘आमच्या मार्गदर्शनाचे यश.’ मी पाहून आले. प्लॅस्टिकच्या झाडावर धूळ होती, तेवढी पुसून आले. त्या खोलीत उपयोगाचं काम तेवढंच करता येण्यासारखं होतं.

म्हणून तुला सांगते, माझे बाई. तूही उद्या गळ्यात पट्टी घालशील, घाल. गार खोलीत बस. पण समोर पोर आलं तर त्याला आधी वाचायला लाव, आणि तू ऐक. नमुना पाठवलास असं कानावर आलं तर आत्या बोलणार नाही तुझ्याशी.

तिची आई सध्या मेंढरांमागं आहे. पावसाच्या तोंडावर कळप परत फिरतील, तेव्हा ती लेकीकडं येणार, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून ते पान ऐकणार. मी शेंगाचटणी कुटून ठेवलीय. सरांना आमंत्रण नाही. तू मात्र ये. तोवर तरी कशाला थांबतेस? नोकरीत रुजू व्हायच्या आधीच ये, लसूण सोलायला मला कुणीतरी हवंय.